नशेची मोजणी आणि जिल्ह्याचे उद्दिष्ट

(गोंदिया येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आपल्या जिल्ह्यातली किती मुले वयाच्या अठराव्या वर्षाआधी तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला लागतात? हा एकच प्रश्न घेऊन मी आज आले आहे. सरकारी बैठकीत हा प्रश्न विचारला की उत्तरादाखल एक तक्ता पुढे येतो. किती शाळांत शपथ झाली, किती प्रभातफेऱ्या निघाल्या, किती फलक लागले, किती पत्रके वाटली, किती टपऱ्यांवर कारवाई झाली. सगळे रकाने भरलेले असतात. मुलांचा रकाना त्यात नसतो.

हे तक्ते भरणाऱ्यांची मेहनत मी जवळून पाहिली आहे. एकेका शिक्षकाकडे पोषण आहारापासून मतदार यादीपर्यंतची कामे असतात आणि त्यातच हा तक्ता येऊन पडतो. त्याला दोष देण्यासाठी मी उभी नाही. आपण जे मोजतो ते आपले स्वतःचे काम आहे. त्या कामाने मुलांचे काय झाले हे आपण मोजत नाही आणि तरीही वर्षअखेरीस जिल्ह्याची प्रगती म्हणून तोच तक्ता वाचला जातो. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मला फार महत्त्वाची वाटते.

नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झाले आणि पुढे देशभर पोचले. त्याचे यश सांगताना किती कोटी लोकांपर्यंत संदेश गेला हे सांगितले जाते. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांचेही तसेच आहे. प्रवेशद्वारावर फलक हवा, शाळेचा तंबाखू नियंत्रक नेमलेला हवा, शंभर यार्डांवर पिवळी रेघ हवी. ती रेघ मला मोलाची वाटते. २००३ च्या कायद्याने शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकायला बंदी केली आणि ती हद्द डोळ्यांना दिसावी म्हणून रेघ आली. पण रेघ मारल्याचा फोटो पाठवला की शाळेचे गुण पुरे होतात. रेघेपलीकडच्या टपरीवर मधल्या सुट्टीत आठवीतली किती मुले उभी असतात, याला गुण नाहीत.

कुणी म्हणेल, देशात एवढ्या पाहण्या होतात, त्यांतून गोंदियाचा आकडा काढता येणार नाही का? म्हणून त्या पाहण्यांकडे जरा बारकाईने पाहू.

मुलांमधल्या नशेची राष्ट्रीय पातळीवर नीट मोजणी व्हावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर दिला. सहा महिन्यांत पाहणी करा, राष्ट्रीय योजना आखा, शाळेच्या अभ्यासक्रमात विषय आणा, असे न्यायालयाने सरकारला सांगितले. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १८६ जिल्ह्यांतल्या दोन लाखांहून अधिक घरांत १० ते ७५ वर्षे वयाच्या पावणेपाच लाख माणसांशी बोलून केलेले हे काम आहे. त्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. दारू, गांजा, अफू या सगळ्यांत प्रौढ पुढे आहेत. हुंगायच्या पदार्थांत, म्हणजे पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांत मात्र मुले पुढे आहेत. प्रौढांत हे प्रमाण ०.५८ टक्के आहे आणि मुलांत १.१७ टक्के. बाकी सगळ्या नशा मोठ्यांकडून लहानांकडे जातात. ही एक नशा लहानांचीच आहे, कारण ती सर्वांत स्वस्त आहे आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळते. गोंदियासारख्या मोठ्या रेल्वे जंक्शनच्या गावाने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवायला हवा. पण त्या अहवालातले अंदाज राज्यापाशी थांबतात. जिल्ह्याचा आकडा देण्यासाठी ती पाहणी आखलेलीच नव्हती.

दुसरी पाहणी जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाची. त्याची २०१९ ची चौथी फेरी सांगते की देशातल्या १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखूचा काही ना काही वापर चालू ठेवला आहे. मुलांत ९.६ टक्के, मुलींत ७.४ टक्के. मुलामुलींमधले हे अंतर किती कमी आहे ते पाहा. ही मोजणी वर्गात होते, म्हणजे त्या दिवशी वर्गात असलेल्या मुलांची होते.

तिसरे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. याच्या पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली सहा लाख ३६ हजार घरे होती, म्हणजे जिल्ह्याला सरासरी नऊशे. यात जिल्ह्याचा तंबाखूचा आणि दारूचा आकडा मिळतो, पण तो १५ वर्षे आणि त्यावरील सर्वांचा असतो. पंधरा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकाच टक्क्यात बसतात.

आणि आपल्या आशाताई घरोघर आरोग्य तपासणीचा जो ‘सीबॅक’ अर्ज भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, दारूचाही आहे. एकाच गावात वर्षानुवर्षे राहणारी, प्रत्येक घराचा उंबरा माहीत असलेली बाई तो प्रश्न विचारते. याहून चांगली मोजणी कुठे होणार? पण तो अर्ज तीस वर्षांच्या पुढच्या माणसांसाठी आहे.

म्हणजे सालेकशाकडच्या एखाद्या गावातला, सातवीनंतर शाळा सुटलेला तेरा वर्षांचा मुलगा जिल्ह्याचा आकडा देणाऱ्या कुठल्याच कागदावर येत नाही. न्यायालयाने ज्याच्यासाठी आदेश दिला तो हाच मुलगा.

आता आपल्या मातीकडे येते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार सव्वातेरा लाख वस्तीचा हा जिल्हा. १० ते १९ वयाची मुले ढोबळ हिशेबाने अडीच लाखांच्या घरात. इथे नशेची पहिली पायरी सिगारेट नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा ही ती पायरी. घोटण्याच्या कामाला दुकानदार लहान पोरेच बसवतो आणि पोराच्या हाताला आधी सवय लागते, मग तोंडाला. छत्तीसगडच्या बाजूला, देवरी-सालेकसा पट्ट्यात, तंबाखूचा गुडाखू आहे. तो दातांना घासायचा असतो, म्हणून आई मुलीला स्वतःच्या डबीतून देते आणि घरात कुणालाच ते व्यसन वाटत नाही. मोहफुलाची दारू घरी गाळली जाते, त्यामुळे उत्पादन शुल्काच्या विक्रीच्या नोंदींत ती येत नाही. तेंदूपाने आणि बिडी यांच्या मजुरीवर या जिल्ह्यातल्या कित्येक घरांनी मुलांची पुस्तके आणली आहेत. तंबाखूची भुकटी ज्या अंगणात वाळत पडली, त्या अंगणात वाढलेल्या मुलाला तंबाखू परकी कशी वाटेल? राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी सुगंधी सुपारीच्या पुड्या मुलांच्या हाती दिसतात. सुपारीत तंबाखू नसली तरी ती निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. फक्त ‘तंबाखू खातोस का’ एवढे विचारणाऱ्या प्रश्नावलीत ही सगळी सुपारी निसटते.

कधी विचारता यावरही बरेच ठरते. जगभर या पाहण्यांचा ठरलेला प्रश्न असतो, गेल्या तीस दिवसांत काय घेतले? आपल्याकडे गेले तीस दिवस कुठले? जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते. दिवसभर चिखलात वाकलेल्या मजुरांना, त्यांच्यातल्या पोरांनाही, बांधावर खर्रा मिळतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटके चालतात, पाहुणे येतात, हातात धानाचा पैसा असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडते. धान निघाल्यावर कितीतरी घरे कामासाठी बाहेर जातात, कुणी नागपूरला, कुणी तेलंगणात मिरची तोडायला, आणि त्यांच्याबरोबर गेलेली मुले पाहणीच्या दिवशी गावात नसतात. एका वर्षी मंडईनंतर विचारले आणि पुढच्या वर्षी परीक्षेच्या आधी विचारले, तर जिल्ह्यात काहीही न घडता टक्का खाली येईल. त्या घसरणीला आपण यश म्हणू.

इथून मी उद्दिष्टाच्या प्रश्नाकडे येते. मूल नशा करते का हे मोजणे आणि तो आकडा दोन वर्षांत इतका खाली आणा असे जिल्ह्याला सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी केली की पहिली बिघडते. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकात हे मांडले होते, पण त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्याकडे पीक किती आले हे ठरवणारी पैसेवारी आहे.

धानाच्या या जिल्ह्यात पैसेवारी न कळणारा माणूस सापडणार नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर गावाला टंचाईच्या सवलती, वर राहिली तर नाही. एका आकड्यावर एवढे अवलंबून असल्यामुळे कुठल्या शेतात, शेताच्या कुठल्या भागात कापणीचा प्रयोग झाला यावरून गावागावांत वाद होतात. हे होणार हे जाणूनच पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांना नमुना पाहणीची शिस्त घालून दिली. शेत कुणी निवडायचे नाही, ते चिठ्ठी काढल्यासारखे निघाले पाहिजे. आणि पैसेवारीत निदान दोन बाजू असतात. शेतकऱ्याला आकडा कमी हवा असतो, तिजोरीला तो जास्त परवडतो, आणि मध्ये तागडीत धान असते, ज्याचे वजन दोघांनाही पाहता येते.

मुलांच्या नशेच्या मोजणीत दुसरी बाजूच नाही. मुलाला नाही म्हणायचे असते, कारण मार पडेल. आईबापांना नाही म्हणायचे असते, कारण घराची अब्रू जाईल, मुलीचे लग्न अडेल. मुख्याध्यापकांना आकडा शून्य हवा, शाळेला प्रमाणपत्र आहे. सरपंचाला गावाचे नाव जपायचे आहे. तालुक्याला आणि जिल्ह्याला क्रमवारीत वर यायचे आहे. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना आकडा कमीच हवा आहे आणि तागडीत ठेवायला काही नाही. अशा मोजणीला उद्दिष्ट जोडले की कुणी खोटे बोलायचे ठरवण्याचीसुद्धा गरज पडत नाही. प्रत्येक पायरीवर थोडेथोडे गाळले जाते आणि वर पोचेपर्यंत मूल दिसेनासे होते.

इंग्लंडने हा प्रयोग करून पाहिला आहे. २००८ मध्ये तिथल्या सरकारने स्थानिक प्रशासनांसाठी १९८ निर्देशकांची यादी केली. त्यातला ११५ वा निर्देशक तरुणांमधल्या मादक पदार्थांच्या गैरवापराचा होता. प्रत्येक भागाने यादीतले जास्तीत जास्त ३५ निर्देशक निवडून त्यांच्या उद्दिष्टांचा सरकारशी करार करायचा. मोजमाप ‘टेलअस’ नावाच्या प्रश्नावलीने व्हायचे, मुलांनी ती शाळेत संगणकावर भरायची. २०१० मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने खर्च आणि कागदी काम कमी करण्यासाठी ती पाहणी बंद केली. त्यातून मी घेते तो धडा असा की वरच्यांना हिशेब देण्यासाठी सुरू केलेली मोजणी वरच्यांनी हिशेब मागणे थांबवले की थांबते. ती मोजणी गावाची, शाळेची झालेली नसते.

शेजारच्या चंद्रपूरचे उदाहरण आणखी जवळचे. तिथे १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आली आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी फसली याचा पुरावा म्हणून अवैध दारूच्या गुन्ह्यांची वाढती संख्या पुढे केली गेली. बंदी असलेल्या जिल्ह्यात दारू विकणे हाच गुन्हा असतो, पोलीस जितके काम करतील तितके गुन्हे वाढतात. त्याच आकड्यावरून बंदीची अंमलबजावणी चांगली झाली असेही म्हणता आले असते. बंदी असावी की नसावी यावर मी आज बोलत नाही. माणसे किती पितात आणि कुठल्या वयात सुरू करतात याची मोजणी निर्णयाच्या मध्यभागी असायला हवी होती, तिथे पोलीस ठाण्याची नोंदवही आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शासन आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू केले, तेव्हा आधी दारू-तंबाखूचा वापर आणि लोकांचा त्यावरचा खर्च यांची नमुना पाहणी केली होती. दिशा योग्य होती. आपण त्यांचे शेजारी आहोत आणि शिकण्यासाठी लांब जावे लागणार नाही.

आता थोडे गणित. विद्यार्थ्यांनी हे जरूर वहीत मांडून पाहावे.

समजा जिल्ह्यातल्या १३ ते १७ वयाच्या दर शंभरांतली दहा मुले खर्रा खातात. हा दहाचा आकडा दोन अंकांच्या फरकाने, म्हणजे आठ ते बाराच्या दरम्यान, खात्रीने सांगायचा तर चिठ्ठीने निवडलेली सुमारे ८६५ मुले लागतात. पण आपण मुले सुटी निवडत नाही, वर्ग किंवा गाव निवडतो, आणि एका गावातली मुले एकमेकांसारखी वागतात. त्यामुळे संख्या साधारण दुप्पट करावी लागते, १,७०० च्या वर. आठही तालुक्यांचे वेगवेगळे आकडे हवे असतील तर चौदा हजारांच्या जवळ. आणि दहाचे नऊ झाले हे सिद्ध करायचे असेल तर? दोन्ही वेळा प्रत्येकी साडेतेरा हजार मुले, तीही दुप्पट करण्याआधीची. कुटुंब सर्वेक्षणाच्या नऊशे घरांत १५ ते १९ वयाची मुले जेमतेम तीन-साडेतीनशे असतील. त्यांच्यावरून ‘यंदा दहा टक्के घट साधली’ असे म्हणणे म्हणजे न मोजलेली गोष्ट सांगणे. तरीही अशी उद्दिष्टे लिहिली जातात आणि लिहिणाऱ्याला हे गणित कुणी विचारत नाही.

संख्या पुरेशी असली तरी उत्तर खरे हवे. वर्गशिक्षक बाकांमधून फिरत असताना मूल खरे लिहिणार नाही. कागदावर नाव नको, हजेरी क्रमांक नको. अक्षर ओळखू येते, म्हणून फक्त खूण करायची. कागद बंद पेटीत पडावा आणि पेटी शाळेत न उघडता बाहेर जावी. प्रश्न फक्त प्रमाण मराठीत असून भागणार नाही. पोवारी, गोंडी, हलबी, छत्तीसगढी, हिंदी घरात बोलणाऱ्या मुलांना तो त्यांच्या बोलीत ऐकायला मिळाला पाहिजे. युरोपातल्या शालेय पाहणीत ‘रेलेव्हिन’ नावाचा एक पदार्थ यादीत घालत असत, जो जगात अस्तित्वातच नाही. तो घेतला म्हणणारी मुले फुशारकी मारत आहेत हे कळायचे. शंभर पदार्थांची नावे जमवण्यापेक्षा असा एक प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

गांजा किंवा सोल्युशनसारख्या नाजूक प्रश्नासाठी आणखी एक रीत आहे. वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेची ही सोपी आवृत्ती. प्रत्येक मुलाने कुणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ लिहायचे. काटा आला तर खरे उत्तर लिहायचे. शंभर मुलांत अठ्ठावन्न ‘हो’ आले तर त्यांतले पन्नास छाप्याचे, उरलेल्या पन्नास मुलांत आठ खरे ‘हो’, म्हणजे सोळा टक्के. कुठल्या मुलाचे ‘हो’ नाण्याचे आणि कुठल्याचे मनाचे, हे कुणालाच, अगदी कागद मोजणाऱ्यालाही कळत नाही. मूल निर्धास्त होते. या निर्धास्तपणाची किंमत द्यावी लागते. दहा टक्क्यांच्या आसपासच्या गोष्टीसाठी तेवढ्याच अचूकतेला सुमारे अकरा पट मुले लागतात. म्हणून ही रीत एखाद-दोन प्रश्नांनाच आणि फक्त जिल्ह्याच्या आकड्यासाठी वापरावी, शाळेच्या नाही.

तोंड तपासून मोजावे का, असे दंतवैद्य मित्र विचारतात. सुपारीने गालाच्या आतली त्वचा आवळत जाते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये शिरली नाहीत तर शंका घ्यावी, ही चाचणी कुणालाही करता येते. विचारण्याची गरज नाही, खोटे बोलण्याची सोय नाही. मला ही चाचणी हवी आहे, पण उपचारासाठी. गेल्या महिन्यात सुरू केलेल्या मुलाचे तोंड पूर्ण उघडते. तोंड आवळल्याची मोजणी आपल्याला फार उशिरा जागे करते. लघवीच्या तपासण्या मात्र शाळेच्या दारात येऊ नयेत. त्या दिवशी ज्या मुलाला आपली सर्वांत जास्त गरज आहे, तोच घरी राहील.

ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीसाठी आहे त्या गुरुजींची एक रीत मला घरी राहणाऱ्या मुलांसाठी सांगायची आहे. त्यांच्या शाळेच्या हजेरीपटात गैरहजर मुलाच्या नावापुढे ते पेन्सिलीने कारण लिहीत. रोवणी. मोहफूल. धाकटी बहीण सांभाळते. बाप दारू पिऊन पडला. काही नावांपुढे ‘स्टेशनवर दिसला’ असेही असे. ती कारणे कुणी मागितलेली नव्हती आणि ती कुठेही पाठवायची नव्हती. संध्याकाळी त्या त्या घरी जाताना त्यांना ती लागत. माझ्या मते जिल्ह्याच्या मोजणीची सुरुवात त्या पेन्सिलीच्या नोंदींपासून व्हायला हवी. शाळेत असलेल्यांची प्रश्नावली निम्मे काम करते. उरलेले निम्मे काम शाळा सुटलेल्यांचे, कामावर गेलेल्यांचे, रेल्वे फलाटावरच्या मुलांचे. तिथे घरांची यादी कामाची नाही. अशा मुलांपर्यंत त्यांच्याच ओळखीतून पोचावे लागते, एकाने दुसऱ्याला आणायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. एम्सच्या पाहणीनेही गंभीर व्यसन जडलेल्यांसाठी हीच पद्धत वापरली होती आणि ७२ हजारांहून अधिक लोकांना गाठले होते.

हे काम करणार कोण? २०१६ पासून आपल्या गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला जनऔषध वैद्यकशास्त्र विभाग आणि विद्यार्थी हे करू शकतात. शिक्षण विभागाने आणि पोलिसांनी ते करू नये, कारण आकडा कमी दिसण्यात किंवा जास्त दिसण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्या हाती कागद असू नयेत.

आणि कागद परत आले पाहिजेत. आइसलँडने १९९० च्या दशकापासून जे केले त्यात मला हीच गोष्ट शिकण्यासारखी वाटते. आपल्या जिल्ह्याच्या चौथाई वस्तीचा तो देश. तिथे दहावीच्या वयाच्या मुलांतली ‘गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलो’ म्हणणारी मुले १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के. सगळे श्रेय मोजणीला देणे चूक ठरेल. त्या काळात युरोपात इतरत्रही मुलांचे पिणे कमी झाले, शिवाय आइसलँडने मुलांच्या खेळांवर पैसा खर्च केला, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर मर्यादा घातल्या, पालकांनी एकमेकांशी लेखी करार केले. पण पाहणीचे निकाल दोन-तीन महिन्यांत त्या त्या गावाच्या, शाळेच्या हाती जात. आपल्या मुलांचे चित्र पालकांनी त्याच वर्षी पाहिले, ती मुले त्याच शाळेत असताना. आपल्याकडे अहवाल छापून येईपर्यंत त्यातली मुले बाप झालेली असतात.

मग जिल्ह्याला उद्दिष्टच नको का? हवे, आणि कडक हवे. पण ते प्रशासनाच्या हातात असलेल्या गोष्टींचे हवे. शाळेच्या शंभर यार्डांत किती दुकाने उरली, हे कुठल्याही दिवशी कुणालाही चालत जाऊन मोजता येते आणि त्यात मुलाला काही विचारावे लागत नाही. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्या कलमाखाली किती प्रकरणे न्यायालयात टिकली, हा आकडा मागता येतो. खर्रा घोटायला किती टपऱ्यांवर पोरे बसलेली आहेत? २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्याच्या सहा विषयांत नशा हा एक विषय आहे आणि त्याच्यासाठी आपल्या रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहे. तिथे मदत मागायला आलेल्या मुलाशी समुपदेशक किती दिवसांत बोलला, आणि तीन महिन्यांनी ते मूल पुन्हा आले का? मुलगी आली तर तिच्याशी बोलायला बाई होती का? हे सगळे मोजा, यावर क्रमवारी लावा, यावर अधिकाऱ्यांना जाब विचारा. क्लिनिकमध्ये येणाऱ्या मुलांची संख्या वाढली तर ती बढतीच्या शेऱ्यात चांगली गोष्ट म्हणून लिहा.

मुलांचा टक्का मात्र मोजायचा, पण क्रमवारीत लावायचा नाही. तो दर दोन वर्षांनी, एकाच महिन्यात, एकाच पद्धतीने मोजावा. माझे मत विचाराल तर सप्टेंबरमध्ये, रोवणी संपलेली आणि मंडई यायची असताना. त्यातला एक प्रश्न मला बाकी सर्वांपेक्षा मोलाचा वाटतो. पहिल्यांदा घेतले तेव्हा वय काय होते आणि कुणी दिले? वय पुढे सरकत गेले तर आपले काम लागू पडते आहे. आणि कुणी दिले याचे उत्तर टपरीकडे बोट दाखवते की स्वतःच्या घराकडे, त्यावरून पुढची मोहीम बाजारात काढायची की अंगणात, हे ठरेल.

सभागृहात जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत, म्हणून एक विनंती करून थांबते. या मोजणीचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्यातला आहे. पण पैशाआधी समितीने एक ठराव करावा. मुलांचा विश्वास बसला की पहिल्या फेरीपेक्षा दुसऱ्या फेरीत ‘हो’ म्हणणारी मुले वाढतील. त्या वर्षी एकाही मुख्याध्यापकाला, वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा गटशिक्षणाधिकाऱ्याला कारणे दाखवा नोटीस निघणार नाही, एकाही शाळेचे नाव वर्तमानपत्रात जाणार नाही, आणि कागद पोलिसांना मिळणार नाहीत, हे पहिली पेटी वर्गात जाण्याआधी लेखी नोंदवलेले असावे.